जोडीवाले आणि माझी बहीण

भूकंपात घर पडलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला वडिलांनी काढलं. माझी बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला काढता आलं नाही. आई त्या रात्री निलंग्याकडं माहेरी गेलेली होती, म्हणून ती यातून सुटली. आमच्या घरात याच्यापलीकडं कुणी बोलत नव्हतं. पाहुण्यारावळ्यांपैकी कुणी खोदून विचारलंच तर वडील म्हणायचे, "पोरगं वर व्हतं, हाताला लागलं." आणि उठून बैलांकडं जायचे.

तेव्हा ढिगाऱ्यात मी वर होतो आणि बहीण खाली, हे मी माझं आडनाव गृहीत धरावं तसं गृहीत धरलं. किल्लारीजवळ आमच्या गावाची नवी वसाहत झाली, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं. माझ्या वर्गात प्रत्येकाच्याच घरातलं कुणी ना कुणी गेलेलं होतं, त्यामुळं कुणी कुणाची कीव करायचा नाही. खेळताना भांडण झालं की पोरं एकमेकांच्या मेलेल्या माणसांवरून शिव्या द्यायची आणि पुन्हा खेळायला लागायची.

बारावीला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत. वडिलांनी मला लातूरला रिपीटर बॅचला टाकलं. ते दिवस असे होते की लातुरात जिकडं बघावं तिकडं क्लासचे फलक, फलकांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. डाळ मिलचा भुसा हवेत उडायचा आणि त्या फोटोंवर बसायचा. आमच्या खोलीत चार पलंग होते आणि चौघेही आदल्या वर्षी नापास झाल्यासारखे वावरायचो, खरं तर चौघेही पास होतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा माझा चुलत भाऊ पुण्याहून आला होता. तो तिथं इंजिनीअरिंगला होता. पुण्यात गेल्यापासून तो 'हाय' ऐवजी 'आहे' म्हणायला लागला होता आणि आमच्यातलं कुणी 'लई' म्हणालं की हसायचा. त्यानं एका परदेशी मालिकेच्या सीडी आणल्या होत्या. कुठल्यातरी दूरच्या चंद्राच्या पोटात माणसांनी वस्ती खोदलेली आहे, बोगदे सारखे ढासळतात, आणि अडकलेल्यांना काढणारं एक पथक आहे, अशी ती मालिका. पथकाची प्रमुख एक बाई. तिच्या हाताखाली बोगद्यांचे नकाशे काढणारा एक अबोल माणूस, आणि वायरलेस सांभाळणारी एक बडबडी पोरगी. मी त्या सीडी लातूरला घेऊन गेलो आणि क्लासमागच्या सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून बघितल्या. मला ती मालिका का आवडली असेल, हे सांगायची गरज नाही. मला मात्र तेव्हा वाटायचं की त्यातली यंत्रं आवडतात म्हणून.

भावानंच सांगितलं की या मालिकेवर मराठी माणसांचा इंटरनेटवर एक गट आहे. मी नाव नोंदवलं. पुण्यामुंबईची माणसं, काही परदेशात गेलेली, एखाददुसरा आमच्याकडचा. प्रत्येक भागावर पानंच्या पानं चर्चा चालायची. आणि सगळी चर्चा शेवटी एकाच गोष्टीवर यायची: प्रमुख बाईचं त्या नकाशेवाल्यावर प्रेम आहे की नाही. आहे म्हणणारे जोडीवाले. नाही म्हणणारे, म्हणजे बाईला तिचं काम सगळ्यात मोठं आहे असं मानणारे, ते कर्तव्यवाले. दोघांनी एकमेकांना लायकीबद्दल, शिक्षणाबद्दल, आईबापांच्या संस्कारांबद्दल जे जे लिहिलं, ते समोरासमोर म्हटलं असतं तर हाणामारी झाली असती.

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, आणि ते आमच्या बोलीतलं असायचं. कुणीतरी लगेच विचारलं, "हा माणूस कुठल्या शतकातून टाइप करतोय?" त्यावर पहिलं उत्तर एका मुलीनं दिलं. ती नांदेडची होती, तिथल्याच कॉलेजात शिकत होती, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिनं लिहिलं, "तुमच्या शतकात तमीज नव्हती का?" तेव्हापासून आमची वेगळी गप्पांची खिडकी सुरू झाली. ती मला 'लातूर' म्हणायची, मी तिला 'नांदेड'.

"ए लातूर, आज क्लासला दांडी?"

"दांडी न्हाई, बायॉलॉजीचे सर आले न्हाईत."

"झूट बोलून राहिलास. दुसरा भाग बघून राहिलास तू."

जोडीवाल्यांची ती म्होरकी होती. बाईनं नकाशेवाल्याकडं कुठल्या भागात किती वेळ पाहिलं, हे तिला तोंडपाठ होतं. मला ते हास्यास्पद वाटायचं आणि तिची वाटही बघायचो.

नवे भाग कॅफेवाला इंटरनेटवरून उतरवून द्यायचा. मग तो भाग आला. मोठा बोगदा कोसळतो. नकाशेवाला आणि वायरलेसवाली पोरगी दोघंही ढिगाऱ्याखाली अडकतात. बाईला दोघांचेही आवाज येतात. हवा थोडी उरलेली, हाताशी माणूस नाही. ती थांबते, रडते आणि नकाशेवाल्याच्या बाजूनं खोदायला लागते. पोरीचा आवाज बंद होतो.

गटात दिवाळी झाली. जोडीवाल्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. "सिद्ध झालं!" "आता बोला!" नांदेडनं लिहिलं, "आवाज दोन आले, पण दिलानं एकच ऐकला." पोरगी मेली याबद्दल पहिल्या दोन पानांत कुणी काही लिहिलंच नव्हतं. तिसऱ्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं की बरं झालं, फार बडबड करायची.

मी कॅफेच्या प्लायवूडच्या खोपटात बसून लिहिलं. पाठ करून आल्यासारखं ते बाहेर आलं. मी लिहिलं की माझ्या वडिलांनीही दोन आवाज ऐकले होते. त्यांनी मला काढलं, बहिणीला नाही. त्यात प्रेमाचा काही संबंध नव्हता. मी वर होतो. दगडमातीत माणूस जे हाताला लागेल ते काढतो. तुम्ही ज्याला दिल म्हणता ते तिथं नसतं.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर बघितलं. पहिल्यांदा काही जणांनी चांगलं लिहिलं होतं. एका बाईनं तर लिहिलं की वाचून उठले आणि पोराला जवळ घेतलं. मग एका जोडीवाल्यानं लिहिलं, "वाद हरायला आला की काही लोक भूकंप आणतात." ते वाक्य गटाला फार आवडलं. त्यानंतर पुरावा मागणं सुरू झालं. पाच वर्षांच्या मुलाला एवढं आठवतं का? गाव कुठलं? फोटो आहे का? एकानं तर मला बहिणीचं नाव विचारलं, म्हणजे मृतांच्या यादीत बघता येईल. मी नाव दिलं नाही. नाव दिलं नाही हाच पुरावा ठरला.

'मी वर होतो' हा त्यांचा विनोद झाला. नवा भाग आला की चर्चेत पहिलं पाऊल टाकणारा माणूस लिहायचा, "मी वर होतो!" मागून येणारा लिहायचा, "मी खाली राहिलो, काढा मला!" अमेरिकेत राहणारे एक गृहस्थ गटाचे चालक होते. त्यांना मी कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. विषय तुम्हीच काढलात, आता लोक बोलणारच, थोडी विनोदबुद्धी ठेवा, असं त्यांनी लिहिलं.

नांदेड मला खिडकीत म्हणाली, "छोड ना. लोक बिनडोक आहेत. मी सांगते त्यांना." आणि तिनं खरंच सांगितलं, भांडली माझ्यासाठी. तेवढ्यावर ते मिटलंही असतं.

पण माझा चुलत भाऊ त्या गटात होता. तो लिहायचा कमी, वाचायचा सगळं. पुण्यातल्या त्याच्या मित्रांना कळलं होतं की तो लातूरकडचाच, आणि ते त्याला छेडत असावेत. त्यानं लिहिलं. शुद्ध मराठीत, नीट परिच्छेद पाडून लिहिलं. "मी याच गावचा. याच घरातला म्हटलं तरी चालेल. भूकंप खरा आहे, बहीण खरी आहे. बाकीचं खोटं. वर मुलगी होती. तिचा हात बाहेर दिसत होता, हे माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकांनी तिला बाजूला ठेवून खाली खोदलं, कारण मुलगा खाली होता. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त याला माहीत नाही, किंवा माहीत असून हा खोटं बोलतो आहे."

मी ते वाचलं तेव्हा शेजारच्या खोपटात दोन पोरं क्रिकेटचा स्कोअर बघत होती. त्यातलं एक सारखं ओरडत होतं. मला त्याचं ओरडणं आजही आठवतं, माझ्या मनात काय झालं ते मात्र आठवत नाही.

मला वाटलं आता त्यांना लाज वाटेल. मग नांदेडनं लिहिलं, आणि हे तिनं खिडकीत नाही, सगळ्यांसमोर लिहिलं: "मग तर ते प्रेमच झालं ना? तुझ्या अब्बांना तू इतका हवा होतास की त्यांनी हाताला लागलेलं सोडून तुझ्यासाठी खाली खोदलं. यात रडण्यासारखं काय आहे? तुला तर फख्र वाटायला पाहिजे."

तिला मला बरं वाटावं असं वाटत होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण जोडीवाल्यांना तेवढंच हवं होतं. प्रत्यक्ष जगातला दाखला मिळाला! संकटात माणूस प्रेमाच्या बाजूनंच खोदतो, हे लातूरच्या माणसाच्या बापानं सिद्ध केलं. कर्तव्यवाले म्हणाले, यात प्रेम कसलं, वंशाचा दिवा म्हणून मुलगा निवडला, ही मराठवाड्याची मानसिकता. मग चालकांनी मतदान ठेवलं. वडिलांचा निर्णय: प्रेम, कर्तव्य की घाईत झालेली चूक. बाजूला प्रत्येकाच्या मतांची रंगीत पट्टी वाढत होती. मी कॅफेतून उठलो आणि परत त्या गटात गेलो नाही.

शनिवारी एसटीनं गावी गेलो. वडील, म्हणजे आमचे दादा, रानात तुरीच्या पेंढ्या बांधत होते. मी बांधावर उभा राहिलो आणि सरळ विचारलं, "दादा, वर कोण व्हतं?"

त्यांनी हातातली पेंढी बांधून संपवली. मग विचारलं, "कुणी सांगितलं?"

मी भावाचं नाव सांगितलं.

"त्याच्या बापानं फकस्त हात बघितला. आवाज न्हाई ऐकले. तो तवा त्याच्या घरात व्हता, मागनं आला."

"म्हंजे वर ती व्हती."

"ती वर व्हती." ते खाली बसले. "लई मोठ्यानं वरडत व्हती. दादा दादा करून. तुझा आवाज बारीक झाला व्हता. मला वाटलं, वरडतीया म्हंजे दम हाय तिच्यात. ती थांबंल. तू न्हाई थांबणार."

"मग?"

"मग तुझ्याकडून खांदलं. माळवदाची, छताची माती. खालून वढली की वरची सरकती." त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि एक हात दुसऱ्यावर सरकवला, मला कळावं म्हणून, जसं क्लासमधले सर फळ्यावर आकृती काढून दाखवायचे. "तू निघालास तवा ती गप झाली व्हती."

मी विचारायला नको होतं असं मला वाटलं नाही. मला वाटलं की त्यांनी आणखी काहीतरी बोलावं. माझ्यावर जीव होता म्हणून काढलं, असं खोटं का होईना म्हणावं. किंवा चुकलं म्हणावं. ते म्हणाले, "तू हे कुणाला सांगितलंस, म्हणून त्यानं तुला सांगितलं?"

मी मालिकेचं, गटाचं, सगळं सांगितलं. जितकं त्यांना समजेल तितकं. लोकांनी मतं टाकली हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला दाखव."

"काय?"

"ते. दोन आवाजाचं."

पुढच्या आठवड्यात ते आडतीला तूर घेऊन लातूरला आले. माप झाल्यावर मी त्यांना कॅफेत नेलं. एका खोपटात दोन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून ते बसले आणि मी मागं उभा राहिलो. हेडफोन त्यांनी फेट्यावरून लावला, तो घसरायला लागला तेव्हा फेटा काढून मांडीवर ठेवला. मी तो भाग मधूनच लावला, ढासळण्यापासून. भाषा त्यांना कळत नव्हती, पण काय चाललंय हे कळत होतं. बाई थांबली. तिचा चेहरा पडदाभर झाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मागं संगीत असतं तिथं, ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांना येत होतं.

वडील हेडफोन लावलेला असल्यामुळं मोठ्यानं बोलले. सगळ्या कॅफेला ऐकू गेलं.

"हिला रडायला टाइम कुठून घावला?"

शेजारच्या खोपटातली पोरं हसली. वडिलांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, फेटा बांधला आणि आम्ही बाहेर आलो. हॉटेलात त्यांनी पुरीभाजी मागवली, मला खाऊ घातली, स्वतः चहा घेतला. बसस्टँडवर जाताना म्हणाले, "अभ्यास करतूस का नुसतं हेच?" त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माझ्यासमोर मात्र पाहुण्यांनी विचारलं तर 'पोरगं वर व्हतं' असं म्हणायचं त्यांनी बंद केलं. ते सरळ उठून जायचे.

परीक्षेचं एक केंद्र नांदेडला होतं, माझा नंबर तिथं लागला. परीक्षा झाल्यावर मी घड्याळदुरुस्तीचं दुकान शोधत गेलो. मी गट सोडल्यावर तिनं खिडकीत बरेच निरोप ठेवले होते: रागावलास का, बोल ना, माझं काय चुकलं. मी उत्तर दिलं नव्हतं. दुकान अरुंद गल्लीत होतं. तिचे वडील डोळ्याला भिंग लावून बसले होते आणि ती मागं स्टुलावर बसून ग्राहकांच्या चिठ्ठ्या लावत होती. मी कोण ते सांगितल्यावर ती क्षणभर ओशाळली, मग एकदम खुलली.

"अब्बा, हा लातूरचा. मी सांगितलं होतं ना?"

तिच्या वडिलांनी भिंग काढलं, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "अल्लाह ने बचाया, बेटा. चाय पिओ." म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

चहा आला. मला वाटलं ती काही बोलेल. बोललीही. "मी तुझ्या चांगल्यासाठीच लिहिलं होतं, लातूर. कसम से." मी म्हणालो, माहीत आहे. तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "पुढचे भाग बघितलेस?"

"न्हाई."

"शेवटचा बघितला नाहीस?" तिचे डोळे भरून आले, खरोखर. "त्यांचं लग्न झालं. त्याच बोगद्यात, जिथं ती पोरगी गेली ना, तिथंच. मी इतकी रडले. दोन दिवस जेवले नाही. तू असायला पाहिजे होतास, काय मजा आली गटात! कर्तव्यवाल्यांची बोलतीच बंद."

बशीतला चहा संपवून मी निघालो. ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि म्हणाली, "फिर आना." मी हो म्हणालो. पहिल्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, उतरावं आणि परत जाऊन तिला सांगावं, आवाज कसा बंद झाला ते. सांगितलं असतं तर ती पुन्हा रडली असती. मी उतरलो नाही.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. मी फार्मसीला गेलो. चुलत भावानं पुण्याहून फोन करून सांत्वन केलं, गटाचा विषय दोघांनीही काढला नाही. त्याच्या लग्नात मी वाढपी होतो.

फार्मसीच्या कॉलेजसाठी पहिल्यांदा निघालो त्या सकाळी आई मला सोडायला वसाहतीच्या फाट्यावर आली. वडील रानात गेले होते. आई कमी बोलायची. भूकंपाबद्दल तर मी तिच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नव्हता. ती तिथं नव्हतीच, तिला काय विचारायचं, असं मला वाटायचं. गाडीला वेळ होता. फाट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आई, दादांनी मला सांगितलं. वर ताई व्हती."

ती रस्त्याकडंच बघत राहिली. "ठाऊक हाय मला."

"तू त्यांना कधी बोलली न्हाईस?"

"काय बोलू? त्यांनी जे केलं ते केलं." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माझ्याकडं वळून, काही रागानं नाही, स्वयंपाकात मीठ किती लागतं ते सांगावं अशा आवाजात म्हणाली, "मी आसते तर तिला काढलं आसतं."

तेवढ्यात वळणावर गाडी दिसली आणि तिनं हात केला. गाडी थांबली. आईनं खालची पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"डबा सरळ धर, आमटी हाय," ती म्हणाली. "चढ लवकर, जागा मिळायची न्हाई."

मी चढलो.